अनुकूल आई, प्रतिकूल बाबा

सहावीतल्या मुलाला वादविवाद स्पर्धेत उतरवणाऱ्या पालकांचं कौतुक करावं तेवढं थोडं. विषय नेहमीचाच : मोबाइल शाप की वरदान. अनुकूल बाजू आई लिहिते, प्रतिकूल बाबा. खंडनाचे मुद्दे क्लासच्या बाई देतात. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणताना हात किती उचलायचा, हेही आरशासमोर पक्कं होतं. टिळक-आगरकरांना ही सोय नव्हती. मतं स्वतःचीच, म्हणून तर आगरकरांवर ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढायची वेळ आली! यापुढे पालकांनीच बोलावं, मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी आमची नम्र सूचना.

परवा एका स्पर्धकानं घरी मुद्देसूद विचारलं, “बाबा, जेवताना तुम्ही मोबाइल का बघता?”

उलट बोलतो म्हणून त्याचं नाव स्पर्धेतून काढून घेण्यात आलं आहे.