अर्धा कोयता

कोयत्याचे भाग किती? लोहाराला विचाराल तर तो मूठ आणि पातं दाखवील. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या मुकादमाला विचाराल तर तो सांगेल, नवरा आणि बायको.

दसरा-दिवाळी जवळ आली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत कोयते मोजायला सुरुवात होते. ‘यंदा पंचवीस कोयते’ म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे निघालेली पन्नास माणसं. आगाऊ पैशांची उचलसुद्धा कोयत्यावरच. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. आमच्या गल्लीतला चोवीस वर्षांचा पठ्ठ्या, सहा फूट उंच, तालमीत जोडीदार मिळू नये असा. मुकादमानं त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, “अर्धाच आहेस की रे!” त्याच संध्याकाळी त्याच्या आईनं स्थळं बघायला काढली.

बैलगाडीवाल्यांचं नाव ‘टायर’. गाडी, बैल, गाडीवान, त्याचं बिऱ्हाड, सगळं त्या दोन चाकांत मावतं. मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणाऱ्यांचं ‘डोकी सेंटर’. सगळ्या महाराष्ट्रात डोक्याला एवढं काम दुसरीकडं कुठं नसेल. फक्त ते बाहेरून वापरायचं.

कोयत्याचं गणितही न्यारं. दोघांतलं एक तापानं फणफणलं तरी खाडा अख्ख्या कोयत्याचा. अर्धा भाग बिघडला की पूर्ण बंद. पगार मात्र अर्धा चालू, असं कुणी म्हणत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही टनावर. त्या टनातला बायकोचा वाटा किती, हे कुठल्याच पावतीवर नसतं. ती पहाटे तीनला कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल पेटवते, भाकरी थापते, मग फडात मोळ्या बांधते, वाहते, रात्री भांडी घासून सगळ्यांच्या मागून पाठ टेकते. तरीही हिशेबात अर्धीच!

शेजारच्या काकूंना मी विचारलं, “तुम्ही नसल्यावर काकांचं कसं व्हायचं?”

“एकदा ऐन हंगामात भावाच्या लग्नाला गेले होते मी. चार दिवस कच्च्या भाकरी खाल्ल्या त्यांनी. पाचव्या दिवशी साडी घेऊन दारात हजर!” काकू म्हणाल्या.

काका कोपऱ्यातून पुटपुटले, “खाड्याचा दंड वेगळा, साडीचे पैसे वेगळे.”