पितळवाले काकाजी आणि त्यांचं हवाई दल

भंडाऱ्यात हलका माल खपत नाही. हे पितळेचं गाव. ‘भाणा’ म्हणजे पितळी ताट, त्यावरून गावाचं नाव पडलं असं इथली जुनी माणसं सांगतात. गिऱ्हाईक दुकानात आलं की पाण्याचा गुंड आधी बोटाने वाजवून पाहतं, मग दोन्ही हातांत तोलतं, आणि “हलका आहे जी” म्हणून खाली ठेवलं की सौदा मोडला म्हणून समजावं. तिकडे वरठीला पोलाद टनाने निघतं, तुमसरला धान क्विंटलने मोजतात. आमच्या गल्लीतले काकाजी अशा मुलखात चाळीस वर्षं भांड्यांच्या गल्ल्यावर बसले, जडपणाचीच किंमत घेत आले, आणि साठी उलटल्यावर एकाएकी हलकेपणाच्या नादी लागले. म्हणजे बाल्साच्या लाकडाची जुनी विमानं करू लागले.

बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. बहुतेक माल इक्वेडोरहून येतो. आपलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, बाल्सा साडेचार. पितळ त्याच्या पन्नासपट जड. वनस्पतिशास्त्रात मात्र बाल्साची गणना कठीण लाकडांत होते, आणि हे वाक्य काकाजी भेटेल त्याला ऐकवतात. पहिला पुडा आला तेव्हा गल्लीतल्या सुताराने फळी उचलून पाहिली आणि विचारलं, “काकाजी, लाकूड मागवलं का पापड?” काकाजींनी त्याला बसवून घेतलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं मॉस्किटो नावाचं बॉम्बफेकी विमान होतं, त्याच्या अंगात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हाच पापड होता, हे चहा गार होईपर्यंत सांगितलं. सुतार तेव्हापासून त्या बाजूने जात नाही.

असा माणूस ओळखायला सोपा. खिशाला पेन नसतं, सहा इंची स्टीलची पट्टी असते. अंगठा फेविक्विकने काचेसारखा चकाकतो. बँकेत एकदा काकाजींचा ठसा उमटेना, तर हे साहेबालाच सँडपेपर मागायला लागले. देवळात गेले तर हात जोडण्याआधी गरुडाकडे पाहतात. “पंख ठीक आहेत, शेपटी कमी पडते. उतरताना नाक घासेल.”

पहिलं विमान टायगर मॉथ. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं, दोन मजली पंखांचं. आपल्याकडच्या किती वैमानिकांनी त्यावर धुळाक्षरं गिरवली, त्याला गणती नाही. काकाजींनी एकास बारा हे प्रमाण धरलं, कारण फुटाचा इंच होतो आणि दुकानदाराला तो हिशेब तोंडी येतो. खऱ्या विमानाचे पंख २९ फूट ४ इंच, यांचे २९ इंच आणि वर एक तृतीयांश. त्या एक तृतीयांशासाठी आठ दिवस गेले. या विमानात गुरुजी पुढे बसतात आणि शिष्य मागे. वेळ आली तर गुरुजींना छत्री घेऊन उडी मारता यावी म्हणून वरचा पंख पुढे सरकवून टोकांकडे मागे झुकवलेला आहे. “आणि पोट्टं?” मी विचारलं. “पोट्ट्याने नीट चालवावं ना!” काकाजी म्हणाले. मुलगा दुकान कसं चालवतो त्यावर ते शेरा मारत होते की काय, ते कळलं नाही.

पंखाच्या फासळ्या जागेवर धरून ठेवायला टाचण्या लागतात. काकूंच्या साडीच्या सगळ्या पिना त्यात गेल्या. सांगाड्यावर पातळ कागद चिकटवायचा, त्यावर पाण्याचा फवारा मारायचा. वाळला की ढोलकीच्या पुडीसारखा ताणून बसतो, मग त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं रोगण. हे सगळं पुस्तकात ठीक आहे. भंडाऱ्याच्या श्रावणात पापड वाळत नाही, तिथे पंख काय वाळणार? कागद ढिला पडला, लाकडाने पीळ घेतला, आणि डावा पंख निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा खाली पाहू लागला. शेवटी सुनेचा हेअर ड्रायर देवघरात चालू ठेवून कागद वाळवला. देवघरात का, तर घरात तेवढीच एक जागा कोरडी. काकू मला म्हणाल्या, “आता देव तेवढे उडून जायचे राहिले बा.”

पंख तयार झाला की वजन करायला सराफाकडे. दुकानातल्या काट्यावर तो शून्यच दाखवतो. सराफाने पहिल्या वेळी भिंगातून पाहिलं आणि सवयीने विचारलं, “मोडायचं आहे का?” काकाजी महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

बारकाव्यांपुढे मात्र ते कोणाचं ऐकत नाहीत. युद्धाच्या काळात आपल्या हवाई दलाने विमानावरच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपान्यांचं निशाण लाल गोळा, आणि गडबडीत आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडायचे. स्वातंत्र्यानंतरच्या तिरंगी वर्तुळात भगवा बाहेर असतो आणि हिरवा आत. कोणाच्या कॅलेंडरवर हे उलट दिसलं, की काकाजी तिथेच खिळ्यावरून कॅलेंडर उतरवतात.

त्यांचं खरं प्रेम एचटी-२ वर. १९५१ साली बंगळूरला उडालेलं, स्वतंत्र भारतात आरेखन झालेलं शिकाऊ विमान. त्याचे कर्ते डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत प्रांटल या थोर शास्त्रज्ञाकडे शिकलेले. “मराठी माणूस, आणि बाजारात त्याच्या विमानाचा एक खोका मिळत नाही!” म्हणून जुन्या फोटोंवरून ते स्वतः नकाशा काढत आहेत. डाव्या बाजूचे फोटो मिळाले. उजव्या बाजूच्या शोधात चार वर्षं झाली.

डाकोटाचं दुखणं आणखी वेगळं. १९४९ साली रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, ती हीच डाकोटा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून चार विमानं निघत, मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. काकाजींनी एकास चोवीस प्रमाणात एक डाकोटा केलं. पंख चार फूट. माहेरहून आणलेला काकूंचा ड्रेसिंग टेबल त्यापायी माळ्यावर गेला. मी पुरे म्हणालो, तर म्हणाले, “एकटं विमान टपाल बदलणार कोणाशी? अजून तीन पाहिजेत.”

एवढं हवाई दल, पण एकही विमान आजवर उडालेलं नाही. कधी वैनगंगेवरून वारा सुटलेला असतो, कधी ऊन पातळ कागदाला सोसत नाही, कधी गुरुत्वमध्य पाव इंच मागे. मला वाटतं, पाच महिन्यांच्या कामाला पाच सेकंदांत जमिनीवर आपटताना पाहायची त्यांची छाती नाही. माझीही नसती.

गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, नातवाने नंदी मागितला. बाजारात चाकं लावलेले सागवानी नंदी ढिगाने होते, पण काकाजींना शिंगांचं प्रमाण पटेना. मग बाल्साचा नंदी झाला. आतून पोकळ, फासळ्या विमानाच्या, वर कागद, वशिंड निमुळतं. सराफाच्या काट्यावर ४८ ग्रॅम. नातू दोरी धरून नंद्यांच्या स्पर्धेच्या रांगेत उभा राहिला. एका परीक्षकाने नंदी उचलून पाहिला आणि “हलका आहे जी” म्हणून खाली ठेवला. तेवढ्यात पावसाआधीचा वारा आला, पोराच्या हातून दोरी सुटली, आणि नंदी चारही चाकांसह वर गेला. बाकीची पोरं आपापले नंदी आणि बोजाऱ्याचे पैसे मागायचं विसरून पाहत राहिली. तो एका घरावरून गेला आणि पलीकडच्या पत्र्यावर अलगद टेकला. शिंगसुद्धा मोडलं नाही.

बक्षीस गेलं दुसऱ्याच कोण्या पोराच्या पाच किलोच्या नंदीला. काकाजींना त्याची शुद्ध नव्हती. ते टेप घेऊन धावले होते. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२० फुटांचं, नंदीचं भरलं ८४. यंदा त्याची शेपटी आडवी करणार आहेत.