डोक्यावर कोण आहे?

हैदराबादेत टोप्यांना तोटा नाही. चारमिनारच्या आसपास जाळीदार गोल टोप्यांच्या चळती लागलेल्या असतात. जुन्या घरांच्या भिंतींवर गोंडा लोंबणारी रूमी टोपी घातलेले पणजोबा असतात. काचीगुड्याच्या मराठी घरात सत्यनारायणाला ऐनवेळी टोपी सापडली नाही, की यजमानाच्या डोक्यावर हातरुमाल पडतो. गुरुजी मंत्र म्हणतात आणि यजमान एका हाताने रुमाल सावरतात.

ज्यूंची किप्पा याच भावकीतली. तळहाताएवढी चकती, ऊन अडवत नाही, पाऊस तर नाहीच. केसांना चिमट्याने अडकवायची. टक्कल पडलेल्यांसाठी दोन्हीकडून चिकटणारी पट्टी मिळते. श्रद्धेला वाट सापडतेच!

तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात या टोपीची आज्ञा नाही. गोष्टी आहेत त्या तालमूद या त्यांच्या नंतरच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात. राव हूना नावाचे धर्मपंडित चार हातसुद्धा उघड्या डोक्याने चालत नसत. देव माझ्या डोक्यावर आहे, म्हणत. हे झालं मोठ्या माणसाचं. मला तालमूदमधल्याच नाहमान बार इसहाकची आई जवळची वाटते. पोरगा चोर निघणार, असं तिला ज्योतिषांनी सांगितलं. आपल्याकडे लगेच ग्रहशांत झाली असती. तिने मुलाला बजावलं, डोकं झाकून राहा. पुढे एकदा तो खजुरीखाली अभ्यास करत बसला असता डोक्यावरचं वस्त्र घसरलं. त्याने वर पाहिलं मात्र, आणि झाडावर चढून दातांनी घड तोडून मोकळा! झाड दुसऱ्याचं होतं, असं टीकाकार सांगतात.

हैदराबादच्या इतिहासात ज्यू कुळातला एक नामांकित पाहुणा सापडतो, तो नेमका बिनटोपीचा. सरमद, इराणातून आलेला व्यापारी आणि फारसी कवी. सिंधमधल्या ठठ्ठा शहरात अभयचंद नावाच्या मुलावर जीव जडला आणि याने व्यापारच काय, अंगावरचे कपडेही सोडले. कुतुबशाही हैदराबादेत १६४७ साली ‘दबिस्तान-इ-मझाहिब’ या धर्मपंथांवरच्या फारसी ग्रंथाचा कर्ता त्याला भेटला; अभयचंदने केलेला तोराच्या काही भागाचा फारसी अनुवाद त्या ग्रंथात आहे. सरमद पुढे दिल्लीला गेला, शाहजादा दारा शुकोहच्या मर्जीतला झाला, आणि औरंगजेबाच्या राज्यात १६६१च्या सुमारास त्याचं डोकंच उडवलं गेलं.

जामा मशिदीजवळ त्याची लाल मजार आहे. या नंग्या फकिराच्या दर्शनाला जाणारे भाविक आत शिरताना खिशातून रुमाल काढून डोक्यावर घेतात.