ताटीमीमांसा

नागपूरकर भोसल्यांवर ग्रंथ झाले, संत्र्यावर प्रबंध झाले, सावजी रश्श्यावरही विद्वान घाम पुसत बोलले. कूलरच्या ताटीवर मात्र मराठीत धड एक पुस्तिका नाही. मार्च ते जून ज्या वस्तूच्या भरवशावर नागपूर शहर जिवंत राहतं तिच्याबद्दल एवढं मौन का, याचा उलगडा विद्यापीठांनी करावा. आपण आपल्यापुरतं काम सुरू करू.

प्रथम व्याख्या. ताटी म्हणजे लोखंडी कूलरच्या तीन बाजूंना बसवलेली, पाण्याने ओली राहणारी आणि बाहेरची हवा आत येऊ देणारी भिंत. यातली पहिली दोन लक्षणं नागपूरच्या जुन्या इतवारी बाजारात सर्वमान्य आहेत. तिसऱ्यावर मतभेद आहेत, आणि प्रस्तुत मीमांसेचं प्रयोजन तेच.

संशोधनक्षेत्र म्हणून इतवारी घेण्याला कारण आहे. सराफा, भांडे ओळ, किराणा ओळ, पलीकडे मस्कासाथ. जुनी घरं एकमेकांना खेटून उभी. घराला बाजू दोनच: पुढची रस्त्यावर, मागची बोळात, डावीउजवीकडची भिंत शेजाऱ्याची. पुढून हळद-मिरचीचा ठसका, हातगाड्यांची धूळ आणि गाड्यांचा धूर. हवा घ्यावी की गाळावी हा प्रश्न इथे रोजचा आहे. सिव्हिल लाइन्समध्ये झाडं आहेत, त्यामुळे तिथे या शास्त्राला वाव कमी.

शब्दप्रमाण पाहू जाता, अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याची मुळं बांबूच्या चौकटीत भरून त्यांवर पाणी टाकण्याची रीत नोंदवतो आणि तिचं श्रेय अर्थातच बादशहाला देतो. (दरबारात नोकरी असली की थंड वाराही मालकाच्याच नावावर लावावा लागतो.) पुढे एकोणिसाव्या शतकात साहेब लोकांनी 'थर्मँटिडोट' नावाचं एक धूड काढलं. खिडकीत बसवलेली मोठी पेटी, बाजूला वाळ्याच्या ताट्या, आत पंखा आणि तो हाताने फिरवणारा एक माणूस. या माणसाच्या जागी विजेची मोटर आणि पाणी टाकणाऱ्याच्या जागी छोटा पंप बसवला की झाला आपला कूलर. तेव्हा कूलर आधुनिक आहे असं समजणाऱ्यांनी फक्त मोटर आधुनिक आहे एवढंच समजावं.

आता अनुमान. नागपूरचा विक्रमी पारा ४७.९ अंश, दिनांक २३ मे २०१३. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा सगळा देश हादरला. नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. नागपूरकरांना मात्र आकडा ऐकून फारसा धक्का बसला नव्हता. मे अखेरच्या नवतपाच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगली ओली ताटी या उतरणीचे पाचातले चार हिस्से गाठते, म्हणजे २७ अंशांची झुळूक. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता शोषतं ती साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी. हे सगळं गणित पहिल्या पावसाला कोसळतं, कारण हवेतच पाणी मावेनासं होतं. तो भाग सोडून देऊ. जुलैतल्या कूलरबद्दल बोलणं म्हणजे दुःखाचं विवरण.

पूर्वपक्ष असा की ताटी जितकी जाड आणि घट्ट, तितकी थंडाई जास्त आणि धूळ कमी. हे मत विक्रेत्यांचं. "घ्या ना भाऊ, दाबून भरली आहे, मस्त थंडं करते." भाऊ घेतात. घरी लावतात. पंखा गरगर फिरतो, पाणी टपटप गळतं, आणि पलंगावरच्या आजीचा प्रश्न येतो, "काऊन रे, हवा येऊन नाही राहिली?" पूर्वपक्षाचं खंडन खरं तर इथेच संपतं, पण शास्त्राला आजीचा एवढाच आधार पुरत नाही.

म्हणून आंरी दार्सी. या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या सार्वजनिक नळांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात वाळूच्या थरांतून पाणी कसं झिरपतं याचा नियम दिला: थर जितका जाड तितका प्रवाह कमी, मागचा दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त. नळांवर एवढा विचार करणारा माणूस इतवारीत आला असता तर त्याला तीननळ चौकातच बिऱ्हाड मिळालं असतं. त्याचा नियम हवेलाही बऱ्याच अंशी लागू पडतो. कूलरच्या पात्यांच्या पंख्याला जोर असतो तो हवा भरपूर लोटण्याचा. अडथळ्यातून ती ओढून काढण्याचा नव्हे. ताटी घट्ट केली की तो आवाज तेवढाच करतो आणि काम सोडून देतो. अशी माणसं कार्यालयांतही आढळतात, पण तो विषय वेगळा.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. वूडवूलची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची ताटी नवी असताना फुगलेली, मोकळी असते आणि हवा झकास सोडते. महिन्याभरात ती पाण्याने जड होऊन खाली बसते आणि वर चार बोटं फट पडते. हवा बिनडोक नाही. जिथे विरोध कमी तिथूनच ती शिरते. मग निम्मी हवा ओल्या ताटीला स्पर्श न करता फटीतून गरमच्या गरम आत येते, आणि घरमालक मोटरीला दोष देतो. वाळ्याची ताटी महाग, बांध्याने टिकाऊ, वासाने मोहवणारी. पहिल्या पाण्याला तिचा जो सुगंध सुटतो त्याने खोली दोन अंश अधिक गार वाटते, मात्र थर्मामीटरला नाक नसल्याने तो सहमत होत नाही. मुळं फार दाबून भरली असली तर ही ताटीही हवा अडवते. तेव्हा घेताना ती उजेडासमोर धरावी. ठिपक्याठिपक्यांनी उजेड दिसला तर घ्यावी. रात्र दिसली तर परत द्यावी. खिडकी दिसली तरी परत द्यावी.

हनीकोंब हा नवा पंथ. तांबूस कागदी पुठ्ठ्याच्या नागमोडी थरांचा हा ठोकळा चार इंच जाड असूनही हवा सोडतो, कारण त्यात मुळात तिरप्या मोकळ्या वाटाच केलेल्या असतात. म्हणजे जाडी स्वतः गुन्हेगार नाही. वाट आहे की नाही एवढाच मुद्दा. पण या पंथाचं वैर आपल्या पाण्याशी आहे. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि बोअरचं पाणी असेल तर एका मोसमात त्या वाटांवर पांढरा थर चढतो. उपाय स्वस्त आहे: टब आठवड्याला पूर्ण रिकामा करणे. याने क्षारही कमी साचतात आणि डासांचाही वंश खुंटतो, कारण एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. महापालिकेचे लोक उन्हाळ्यात टबात डोकावून जातात ते कौतुकाने नव्हे.

इथे पाश्चात्त्य मताचा परामर्श घेणं भाग आहे, कारण ते आता पुतण्यांमार्फत इतवारीत येतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घर तापवणं आणि गार करणं एकाच नळकांड्यांतून होतं आणि त्या वाटेवर फिल्टर असतो. तो किती बारीक कण धरतो हे सांगायला 'मर्व्ह' नावाची १ ते १६ ची चढती मोजणी आहे. तिथलाही पूर्वपक्ष आपल्यासारखाच: आकडा मोठा तो भला. मग घर तापवणाऱ्या भट्टीला श्वास पुरत नाही, आणि तिथले जाणकार सांगतात की बारीक फिल्टर हवाच असेल तर अधिक खोल घड्यांचा घ्या, म्हणजे क्षेत्रफळ वाढतं आणि विरोध उतरतो. मत ग्राह्य आहे. पण पुतण्या पूर्ण वाचत नाही. तो काकांच्या स्प्लिट एसीच्या जाळीवर शुद्धीकरणाचं एक दाट कापड चिकटवून देतो. काही दिवसांनी कॉइलवर बर्फ धरतो, खाली पाणी ठिबकतं आणि काका म्हणतात, "एसी लयच थंड झाला बे." हवा कमी झाली की कॉइल गोठते, खोली मात्र तापलेलीच राहते. एसीची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी, यापलीकडे तिला अलंकार चढवू नयेत. बारीक धूळ आणि धूर गाळायचाच असेल तर तो खोलीत वेगळा ठेवलेला, स्वतःचा पंखा असलेला प्युरिफायर गाळो. ओल्या ताटीकडून मोठी धूळ अडते तेवढीच अपेक्षा करावी.

तापवण्याचं प्रकरण इतवारीत छोटं आहे. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला, तेव्हा चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या. शेकोटीला फिल्टर नसतो.

देशी शुद्धीकरणाचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून काळ्या मारबतीचा पुतळा मिरवत निघतो आणि खोकला-खासीपासून महागाईपर्यंत सगळं घेऊन जाण्याची तिला जाहीर विनंती होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून चाललेली ही पद्धत हवेच्या प्रवाहाला शून्य विरोध करते. ती वर्षातून एकदाच वापरता येते, एवढीच तिची मर्यादा.

आता सिद्धान्त. इतवारीतल्या कूलरचा सर्वांत मोठा अडथळा ताटीत नसतो. तो मागच्या दारात असतो. पुढच्या खिडकीतून कूलर हवा लोटतो, पण बोळातलं दार बंद, कारण "धूळ येते", "मांजर शिरते", "शेजारच्या काकू बघतात". कोंडलेल्या खोलीत नवी हवा कुठून शिरणार? तीच ओली हवा फिरत राहते, अंग चिकचिकतं, आणि घरात ठराव होतो की ताटी बेकार निघाली. मराठीत ताटी, म्हणजे दार, उघडण्याची सर्वांत प्रसिद्ध विनंती मुक्ताबाईची आहे आणि तिचा रोख रुसून आत बसलेल्या ज्ञानेश्वरांकडे होता. पण मागचं दार लावून बसलेल्या समस्त इतवारीला ती आजही जशीच्या तशी लागू आहे. कूलरच्या तोंडाएवढी तरी वाट समोरच्या टोकाला मोकळी हवी. मांजरासाठी जाळीचं दार लावा. काकूंना बघू द्या.

निवाडा असा: ताटी मोकळी भरलेली आणि दर मोसमात नवी घ्यावी, वर फट पडली की हाताने सारखी करावी, टब आठवड्याला रिता करावा, मागचं दार उघडं ठेवावं. समोरचा पडदा मागच्या दाराकडे झुकला की समजावं, काम होऊन राहिलं.

आणि पुढची दोन वाक्यं विनोद न मानता वाचावीत. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असल्याने विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. ताटीला किंवा टबाला हात लावण्याआधी बटण बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून याच आठवड्यात तपासून घ्या.