दगडाची चाकं

ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राला चाकं आहेत. दगडाची. दक्षिणेकडून पाहिलं की सगळी इमारतच रथासारखी दिसते आणि तो रथ ओढायला घोडा नि हत्ती जुंपलेले आढळतात. दोघांची चाल कशी जुळणार, हा प्रश्न ज्याला पडायला हवा होता तो सारथी कुठे दिसत नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या आठवणीसाठी हे छत्र, म्हणजे वाटसरूंना राहायला-जेवायला धर्मशाळा, बांधलं ते १८०२ साली. तेव्हापासून हा रथ निघण्याच्या तयारीत उभा आहे. कुणीतरी आत काहीतरी विसरलंय आणि ते आणायला गेलंय, बाकीचे सगळे खोळंबलेत, असा त्याचा चेहरा आहे.

हा चेहरा मला ओळखीचा वाटतो, कारण माझे मामा तिथून हाकेच्या अंतरावर राहत आणि तिथल्याच एका शाळेत भूगोल शिकवीत. भोसल्यांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मातीत मुरलेलं हे मराठी घर. मामांचं मराठी ऐकलं की लोणच्याची जुनी बरणी उघडल्यासारखं वाटे. फोड ओळखीची, खार मात्र वेगळाच. काही वर्षांपूर्वी पोंगल उरकल्याबरोबर मी पुण्याहून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते आठवीच्या बेचाळीस मुलांना चेन्नई दाखवण्याच्या खटपटीत होते. सहलीला तमिळमध्ये 'सुट्रुला' म्हणतात. सुट्रु म्हणजे फेरा आणि उला म्हणजे मिरवत फिरणं. देवाची उत्सवमूर्ती पालखीतून गावभर हिंडते तीही उलाच. त्यामुळे या बेचाळीस मूर्ती नीट वाजतगाजत नेऊन तशाच नीट देवळात आणून ठेवायच्या आहेत, असा भार मामांच्या खांद्यावर दिसे. त्यांच्या ओसरीवर, म्हणजे तिथल्या 'तिण्णै'वर, एक फूलस्केप कागद पसरलेला असायचा आणि तो उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार लिंबं. ही लिंबं पुढे बसच्या चाकांखाली जायची होती. तोवर त्यांनी बेताचं रक्षण केलं.

बेत म्हणजे काय चीज असते, ते मला त्या कागदाने शिकवलं. एग्मोरचं संग्रहालय शुक्रवारी बंद. वंडलूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद. शाळेला सोयीचे दिवस नेमके या दोन वारांना घासून जाणारे. मामा आठवडा असा हातात घेऊन फिरवायचे, जशी बांगडीवाली बांगडी फिरवते. कुठूनतरी हात आत शिरेल. जुन्या मद्रासच्या लोकांनी या दोन जागांना फार सुंदर नावं ठेवली होती. संग्रहालय ते 'सेत्त कॉलेज', म्हणजे मेलेलं कॉलेज, आणि प्राणिसंग्रहालय ते 'उयिर कॉलेज', जिवंत कॉलेज. दोन्ही मुळात एकाच आवारात. १८५५ साली एडवर्ड बाल्फोर नावाच्या डॉक्टरांनी संग्रहालयातच प्राणी पाळायला सुरुवात केली. पुढे जिवंत कॉलेजने जागा बदलत बदलत १९८५ साली वंडलूर गाठलं. मेलेलं कॉलेज, स्वभावाप्रमाणे, जागचं हललं नाही.

त्या मेलेल्या कॉलेजात आणखी एक गंमत होती. मुलांना तिथली चोळकालीन ब्राँझची अर्धनारीश्वराची मूर्ती दाखवायची, असं मामांनी कागदावर दोनदा अधोरेखित केलं होतं. ती मूर्ती सापडली तिरुवेण्काडूला, जुन्या अखंड तंजावर जिल्ह्यात. "म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला देव बघायला साडेतीनशे किलोमीटर जायचं?" मी विचारलं. मामा म्हणाले, "माहेरची माणसं आहोत आपण. भेटून यायला नको?"

मुलांची यादी अर्थातच वेगळी होती. मामांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली होती: चेन्नईत काय बघायचंय ते एकच लिहा. चिठ्ठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात जमल्या आणि एका संध्याकाळी आम्ही त्या उघडून वाचल्या. सर्वांत जास्त मतं मेट्रोला. त्याखालोखाल सरकत्या जिन्याला, आणि मला वाटतं मेट्रोची मतंही आतून जिन्याचीच असावीत. एलआयसीची चौदा मजली इमारत फक्त एकाने मागितली. १९५९ साली ती उभी राहिली तेव्हा लोक टोपी सांभाळत वर बघत, आता ती थोरल्या काकांसारखी, कुणी विचारलं तर बोलते. पाच-सहा जणांनी लिहिलं होतं, समुद्र. यावर मामा दुखावले. समुद्र काय, पट्टुकोट्टैपलीकडे मनोऱ्याला गेलं की हाच बंगालचा उपसागर आहे. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून सरफोजीराजांनी तिथे आठ मजली मनोरा बांधला. युरोपात कुणीतरी कुणालातरी हरवलं त्याचा आनंद आमच्या किनाऱ्यावर अजून उभा आहे. पण मुलांचंही खरं होतं. पाल्कच्या सामुद्रधुनीतलं ते पाणी ताटात वाढलेल्या आमटीसारखं गप्प असतं. त्यांना लाटांचा समुद्र हवा होता.

सरकत्या जिन्याची मामांनी धास्ती घेतली होती. अखेर शाळेच्या व्हरांड्यात सराव झाला. दोन थोराड मुलांनी लांबलचक चटई हळूहळू ओढायची आणि बाकीच्यांनी एकेक करून तिच्यावर पाऊल ठेवायचं. चटई फाटली, तिघे पडले, आणि पडणारे पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. मला त्या वेळी 'देवेंद्र कुरवंजी' आठवलं. हे सरफोजीराजांच्या नावावरचं मराठी नाटक; त्यात भविष्य सांगत हिंडणारी कुरवंजी चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. तंजावरच्या दरबारात बसल्या बसल्या खंडं, देश सगळं पाहून व्हायचं. व्हरांड्यातली चटई त्याच घराण्यातली. चेन्नई अजून साडेतीनशे किलोमीटर लांब होती आणि इथे मुलं तिच्यावरून घसरून पडायलासुद्धा लागली होती.

एका चिठ्ठीत 'ताई' एवढंच होतं. मुलगा शेवटच्या बाकावरचा; त्याची बहीण तांबरमजवळ कुठल्याशा कारखान्यात कामाला, दिवाळीलाही आली नव्हती. मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर कागदावरची सगळी घडी बदललेली. दक्षिणेकडून चेन्नईत शिरताना वंडलूर आधी लागतं, तांबरम त्याला चिकटूनच, म्हणून आधी जिवंत कॉलेज, मेलेलं दुसऱ्या दिवशी. आणि सकाळी नऊच्या पुढे, वाघ, पाणघोडा यांच्याही आधी, मामांच्या टपोऱ्या अक्षरात: ताई, फाटकापाशी.

एवढं सगळं बसलं, पण एक गोष्ट काही केल्या बसेना. दुपारी जेवायचं कुठे? मामी पुळिओदरै आणि दहीभात करून देणार होत्या. प्रश्न अन्नाचा नव्हता, टेकण्याचा होता. एवढ्या अफाट शहरात बेचाळीस मुलांनी पानं मांडून बसावं अशी ओसरी कुठे असेल, हे कुणाला सांगता येईना. मामांनी ओळखीपाळखीच्या माणसांना फोन केले. सगळ्यांनी हॉटेलांची नावं सांगितली. "सरफोजीराजे १८२० साली काशीला निघाले तेव्हा तीन हजार माणसं बरोबर होती," मामा हताशपणे म्हणाले. मामी तांदूळ निवडत होत्या. "राजांना वाटेल तिथे तंबू ठोकता येत होते," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला वाहतूक पोलीस उठवेल."

मी त्या ओसरीवर बसून समोरच्या दगडी चाकांकडे बघत होतो. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव म्हणजे शतकभर दुसऱ्यांच्या बेतातला मुक्काम. काशीचं गंगाजळ कावडीतून घेऊन येणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी आपापल्या कागदावर, कागद नसेल तर बोटांवर, ओरत्तनाडु मोजलं असेल: तिथे भात मिळतो. शिकणाऱ्या मुलांनाही या छत्रात राहायला आणि जेवायला मिळे. छत्रं आपल्याकडेच राहू द्यावीत म्हणून १८०१ साली सरफोजींनी बेंजामिन टोरिन या इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, त्यात छत्रांचा रिवाज सांगितला आहे. दिवसभर भात वाढतात. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की, कोणी जेवायचं राहिलं असेल त्याने यावं. राज्य इंग्रजांकडे सोपवून मोकळ्या झालेल्या राजाने एवढा एक पुकारा मागून घेतला. आणि त्याच गावचा एक भूगोलाचा मास्तर आता बेचाळीस पानांपुरती सावली शोधत नकाशावर बोट फिरवत होता.

सावली शेवटी मिळाली. ताईनेच कळवलं की तिच्या खोलीच्या मालकिणीची गच्ची आहे, वर पत्रा आहे. मामांनी कागदावर 'गच्ची' लिहून त्याभोवती चौकट काढली, जशी ताजमहालाभोवती काढावी.

बस निघायची रात्री बाराला. छत्रासमोर ती उभी राहिली तेव्हा दोन रथ शेजारी शेजारी असल्यासारखं झालं. मामींनी कापूर ओवाळला. चारही लिंबं चाकांखाली गेली. मामांनी हजेरी घेतली, बेचाळीस भरले, पुन्हा घेतली, त्रेचाळीस भरले; एकाचा धाकटा भाऊ सीटखाली सापडला. तो रडत उतरला. मग मामांनी शाळेची पितळी हातघंटा काढली आणि दाराच्या पायरीवर उभं राहून वाजवली. त्यांनी ते पत्र कधी वाचलं होतं का, मी विचारलं नाही.

"कोणी जेवायचं राहिलंय?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

बस चिडीचूप. मग अगदी मागच्या सीटवरून एक हात वर झाला. मी पाहिलं, तो चिठ्ठीवाला मुलगा. तासाभरापूर्वी तो मामींच्या ओसरीवर माझ्या शेजारी बसून दोनदा दहीभात घेऊन जेवला होता. मामांनीही ते पाहिलं होतं. ते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग सकाळसाठी बांधलेल्या डब्याची दोरी सोडायला लागले, आणि ड्रायव्हरने सुरू केलेलं इंजिन पुन्हा बंद केलं.