गावात एकच, देशात ढीगभर

जर्मनीत डोळे मिटून दगड मारला तर तो म्युलरला लागतो आणि नेम हुकला तर श्मिटला. त्यातूनही वाचला तर पुढे श्नायडर, फिशर आणि वेबर उभेच असतात. देशात सर्वांत जास्त आढळणारी ही पाच आडनावं. म्हणजे गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी आणि विणकर. बलुतेदारांची पंगतच बसलेली, आणि यजमानाच्या पाटावर गिरणीवाला!

आता जरा हिशेब करा. ही आडनावं पडली साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात. तेव्हा खेड्यात बहुतेक सगळे नांगर धरणारे. मग पहिला नंबर बाउअरचा, म्हणजे शेतकऱ्याचा, नको का? पण तो बिचारा पहिल्या पाचांतही नाही. कारण सोपं आहे. ज्या गावात सगळेच शेती करतात, तिथे 'तो हान्स, तो शेतकरी' असं सांगून कुणाला पत्ता लागणार? गिरणी मात्र गावात एकच. 'गिरणीवाला हान्स' म्हटलं की विषय संपला. अशी प्रत्येक गावाने आपल्या एकुलत्या एका गिरणीवाल्याला खूण म्हणून ही चिठ्ठी डकवली. शेजारच्या गावानेही तेच केलं, त्याच्या पलीकडच्या गावानेही. सगळ्यांची बेरीज झाली तेव्हा कळलं, की जो गावात एकटा होता त्याची देशात जत्रा भरली आहे. नात्यागोत्याचा पत्ता नाही, तरी सगळे म्युलर.

बरं, हे नाव काही कौतुकाने दिलेलं नव्हतं. गिरणी पाण्यावर चालणारी, म्हणून ओढ्याकाठी, गावापासून दूर. तिथे रात्री काय चालतं, देव जाणे! पुष्कळ ठिकाणी जमीनदाराने ठरवून दिलेल्या गिरणीतच दळण न्यायची सक्ती. मजुरी पैशात नाही, धान्यात. 'मेत्से' नावाच्या मापाने गिरणीवाला आपला वाटा आपणच काढून घेणार. माप त्याचं, हातही त्याचा. शेतकऱ्याचे फक्त डोळे. पोतं देताना भरलेलं असायचं आणि पीठ घेताना ते आजारातून उठल्यासारखं दिसायचं. विचारलं तर उत्तर तयार: पीठ उडतं हो! गिरणीच्या छपरावर करकोचा घरटं बांधत नाही, कारण गिरणीवाला अंडी पळवेल अशी त्याला भीती वाटते, असा विनोद जर्मन लोक करत. काही शहरांत कारागिरांचे संघ गिरणीवाल्याच्या पोरांना दारात उभं करत नसत. शेवटी १५४८ साली साम्राज्याच्या फर्मानात लिहावं लागलं, की बाबांनो, यांनाही आत घ्या.

लौकिक असा आणि गर्दी तशी. तेव्हा जरा शिकला-सवरला म्युलर आडनावापासून पळ काढू लागला यात नवल नाही. पंधराव्या शतकातला थोर खगोलवेत्ता योहानेस म्युलर जगाला त्याच्या गावाच्या लॅटिन नावावरून रेजिओमोंटानुस म्हणूनच ठाऊक आहे. कुणी नुसतं लॅटिन पांघरूण घेऊन 'मोलिटोर' झाले. ही साथ म्युलरांपुरती नव्हती. नकाशेवाला मर्केटर घरचा क्रेमर, म्हणजे दुकानदार. खाणींचा ग्रंथ लिहिणारा आग्रिकोला मूळचा बाउअर. गटेच्या आजोळचे टेक्स्टर मागच्या पिढ्यांत साधे वेबर होते. लॅटिनमध्ये माग चालवला की सूत महाग होतं.

यांतला आपल्या ओळखीचा पळपुटा म्हणजे मॅक्स म्युलर. वडील विल्हेल्म म्युलर कवी. त्यांनी कविता केल्या त्याही गिरणीवाल्याच्या मुलीवर, आणि शूबर्टने १८२३ साली त्यांना चाली लावल्या. त्याच वर्षी डेसाउमध्ये मॅक्स जन्मला. विलायतेत गेल्यावर त्याला वाटलं, नुसत्या म्युलरला इथे कोण ओळखणार? म्हणून त्याने स्वतःचं 'मॅक्स' आडनावालाच जोडून टाकलं. पण खरी चैन त्याने ऋग्वेदाच्या मुखपृष्ठावर केली. तिथे जर्मनी झाली शार्मण्यदेश, ऑक्सफर्डचं गोतीर्थ झालं, आणि स्वतः संपादक झाले मोक्षमूलर भट्ट! पिठाच्या गिरणीतून निघून थेट मोक्षाला पोहोचलेला दुसरा म्युलर माझ्या पाहण्यात नाही. याच भट्टांनी १८९८ साली टिळकांच्या सुटकेसाठी शब्द टाकला होता, म्हणून पुणेकरांनी त्यांना नावं ठेवू नयेत.

ज्यांना मोक्ष परवडत नाही ते जोडआडनाव घेतात. लोरिओ या विनोदवीराने १९७८ साली एका टबात दोन अनोळखी गृहस्थ बसवले आणि प्लास्टिकच्या बदकावरून त्यांची जुंपून दिली. त्यांतल्या एकाचं नाव हेर म्युलर-ल्युडेनशाइट. आजही ते नाव काढलं की जर्मन माणूस हसतो. तीन आडनावांची आगगाडी मात्र चालणार नाही, असं २००९ मध्ये थेट घटनात्मक न्यायालयाने सांगितलं.

उलट्या दिशेने गेलेला गडी एकच आठवतो. डीटर कास्टर नावाच्या मुलाने सावत्र वडिलांचं म्युलर हे आडनाव घेतलं. फुटबॉलमधला गोलांचा कारखाना गेर्ड म्युलर १९७४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. १९७६ च्या युरो उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनी मागे पडलेली असताना हा डीटर बदली म्हणून पहिल्यांदाच मैदानात उतरला आणि तीन गोल करून मोकळा झाला. आडनाव घ्यावं तर असं!

मी राहतो त्या जर्मन इमारतीत दाराशी घंट्यांची पाटी आहे. फ्लॅट नंबर नाही, नुसती आडनावं. त्यांत एक 'म्युलर', एक 'टी. म्युलर' आणि एक 'म्युलर-होफमान'. पुण्याहून कुकरची रबरी रिंग आली त्या दिवशी मी घरी नव्हतो. पेटीत चिठ्ठी होती: 'पार्सल शेजारी म्युलर यांच्याकडे.' मी जिने चढलो. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी वरच्याकडे बोट दाखवलं, त्यांनी त्याहून वरच्याकडे. शेवटी चौथ्या मजल्यावरचे म्युलर आजोबा रिंग हातात घेऊन, हे कसलं यंत्र असावं याचा विचार करत उभे होते.

"तुमचं बरं आहे, हेर कुलकर्णी," ते म्हणाले. "अख्ख्या गल्लीत एकटे. मुलखावेगळं नाव!"

मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडेही गावात कुलकर्णी एकच असायचा, गावाचं दप्तर सांभाळणारा. आणि म्हणूनच आता पुण्यात जिन्यावरून 'कुलकर्णी' अशी हाक मारली तर निम्मी सोसायटी दार उघडते. आजोबांना ते फार आवडलं. "म्हणजे आपण एकाच गावचे!" म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. मग विचारलं, "पण तुमच्याबद्दल गाव वाईटसाईट बोलत नसेल ना, आमच्या गिरणीवाल्यासारखं?"

"छे, छे," मी म्हणालो. "कुलकर्ण्याला काय, नुसती लेखणीच चालवायची."

आणि रिंग घेऊन भराभर जिना उतरलो.