कोय कुणावर गेली?

बारशाला जमलेल्या नातेवाइकांना पेढा खाण्याआधी एक काम उरकायचं असतं. पाळण्यातल्या बाळाची वाटणी. नाक आजोबांचं, हनुवटी आत्याची, कपाळ थेट मामावर गेलेलं. केस दाट असले तर दोन्हीकडून दावे येतात. रात्रभर भोकाड पसरणं मात्र हमखास समोरच्या घराण्याचं.

आंब्याच्या बाबतीत असा वाद कुणी घालत नाही, कारण तिथली वाटणी आधीच चोख झालेली असते. फळ सगळं आईचं. साल आईची, गर आईचा, रस आणि वासही तिचाच, इतकंच काय, कोयीचं ते केसाळ कवचसुद्धा तिचं. बाप असतो फक्त कवचाच्या आतल्या बीमध्ये, आणि तिथेही निम्माच. म्हणजे हापूस चापताना आपण सगळी तारीफ आईची करतो आणि वडिलांना चोखून उकिरड्यावर फेकतो.

बरं, हे वडील कोण, तेही कुणाला ठाऊक नसतं. थंडीत मोहर आला की एकेका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी बारीक फुलं फुलतात. त्यांतली बरीचशी नुसती नरफुलं. ज्या फुलांत नर-मादी दोन्ही अंगं असतात, त्यांतही पाच पुंकेसरांपैकी कामाचा बहुधा एकच, बाकीचे नावापुरते. (घरोघरी मातीच्या चुली.) लग्न जुळवायला येतात त्या मुख्यतः साध्या माश्या. मधमाशीला कवींनी डोक्यावर घेतलं, या बिचाऱ्यांना कुणी विचारत नाही. गडग्यापलीकडच्या रायवळाच्या मोहरावरून उठलेली माशी इकडच्या हापूसवर बसते, तिच्या पायाला लागलेला परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून एक सूक्ष्म नळी फुटून खाली बीजांडापर्यंत पोचते आणि काम फत्ते. रायवळ कितीही आंबट असो, हापूसच्या गराला त्याचा पत्ता लागत नाही. फळ गोडच होतं. आंबटपणा आतल्या बीत गपगुमान बसून राहतो.

वाटाण्यात मात्र बापाला असं लपता येत नाही. शेंग आईची, पण आतला दाणा म्हणजे साक्षात लेकरू, आणि तेच आपण खातो. ग्रेगोर मेंडेल या ब्रनोच्या मठातल्या साधूने वाटाणा निवडला, तो त्याला चांगलाच फळला. शिक्षकाच्या परीक्षेत हा गृहस्थ नापास झालेला, पण मोजण्याची चिकाटी अशी की 1856 पासून आठेक वर्षं तो वाटाणेच मोजत बसला. वाटाण्याचं फूल मिटल्या पाकळ्यांच्या आतच स्वतःच्या परागावर भागवतं. म्हणून मेंडेल कळी उमलायच्या आत उघडायचा, चिमट्याने दहाच्या दहा पुंकेसर उपटायचा, दुसऱ्या झाडाचा पराग आत लावायचा आणि वर पिशवी बांधायचा. सोवळं यापेक्षा कडक कुठलं?

वाळल्यावर सुरकुतणाऱ्या दाण्याच्या झाडाला त्याने गोल दाण्याच्या झाडाचा पराग दिला. त्याच हंगामात, सुरकुतलेल्या जातीच्या आईच्या शेंगेत, सगळे दाणे गोल! आईचा गुण जणू धुऊन निघाला. ते दाणे पुढच्या वर्षी पेरले, तेव्हा एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले शेजारी शेजारी बसलेले. मोजले तर 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले, म्हणजे जवळपास तिनास एक. आजीचा गुण नातवंडांत परतला होता. गुण एकमेकांत मिसळून नाहीसे होत नाहीत, एखादा पिढीभर दबून राहतो, एवढं त्यातून निघालं. मेंडेलने ते 1865 साली सभेत वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि 1900 पर्यंत जगाने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तोवर तो जाऊन सोळा वर्षं झाली होती. एक राहिलं: तो दबणारा, सुरकुतणारा वाटाणाच जास्त गोड असतो, कारण त्यातल्या साखरेचं पुरतं पिष्ट होत नाही.

हापूसच्या पोटातही असे पुष्कळ गुण दबून बसलेले असतात, आणि आंब्याची चव काही एका जनुकाच्या हातात नाही. म्हणून हापूसची कोय पुरली तर हापूस येत नाही, बाप हापूस असला तरी येत नाही. येतो तो कुणीतरी भलताच. कोकणातले शेतकरी त्या भानगडीत न पडता कलम बांधतात. रायवळाची कोय रुजवायची, रोप तांबूस पानांचं कोवळं असतानाच शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. खालचा रायवळ आयुष्यभर मुळं सांभाळतो, नाव वरच्याचं होतं. रत्नागिरी-देवगडच्या बागांतले हापूस असेच काडीवरून काडी वाढत आलेले. त्यांच्यात भाऊबंदकी नाही, कारण भाऊच नाहीत. एकच झाड डोंगरभर उभं आहे म्हणा ना.

रायवळाचं तसं नाही. कोयीतून आलेला प्रत्येक जण स्वतंत्र, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं नाव. शेपूचा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, आणि शेंदऱ्या, साखऱ्या वगैरे मंडळी. चव बेभरवशाची, पण स्वभाव आहे.

वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात माशीचं काम माणसांनी हाती घेतलं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये ‘रत्ना’ आला, या वेळी आईबाप दोघांची नावं रीतसर कागदावर. मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून 1992 मध्ये ‘सिंधू’. त्याची कोय इतकी पातळ की तो बिनकोयीचा म्हणूनच ओळखला जातो. गर भरपूर, नासाडी कमी, शास्त्रज्ञांचं कौतुक करावं तेवढं थोडं. फक्त मुलांपुढे असा आंबा कापून ठेवला, की कोय कुणी चोखायची यावरून भांडायची सोय राहत नाही.